ओबोननंतरचा शिक्का

आज सकाळी बाल्कनीत कपडे वाळत घालताना या वर्षीचा पहिला सेमी ओरडला. सेमी म्हणजे झाडाला चिकटून बसणारा इथला एक किडा. आपला रातकिडा निदान अंधाराचा आडोसा घेतो. हा भर उन्हात, घसा फाटेपर्यंत ओरडतो. जपानमधल्या आमच्या त्सुकुबात संशोधन संस्था जितक्या, त्याच्या कितीतरी पट झाडं, म्हणून सेमीही मुबलक. त्सुयूचा, म्हणजे इथल्या पावसाळ्याचा, चिकट, बुरशीचा पाऊस संपला की एक दिवस एकटाच कुणीतरी सुरुवात करतो, आणि आठवडाभरात सगळं गाव कढईत भजी सोडून बसल्यासारखा आवाज येऊ लागतो. शेजारच्या आजीबाई म्हणतात, आला बाई उन्हाळा. मी बाल्कनीचं दार लावून घेतो. दहा-अकरा वर्षं झाली, दर जुलैत लावतो.

हातातला टॉवेल तसाच टाकून मी आत आलो. ईरा जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप आणि कागद पसरून बसली होती. ईरा माझी मुलगी, हायस्कूलच्या दुसऱ्या वर्षाला. उन्हाळ्याची सुट्टी संपली की तिच्या शाळेत डिबेट असते.

"बाबा, तुला कॉलेजमध्ये डिबेटचं शील्ड मिळालं होतं ना? आजोबांच्या शोकेसमध्ये आहे ते?"

"हो. का गं?"

"मग हेल्प कर ना. टेररिझम थांबवायला दुसऱ्या देशात आर्मी पाठवणं बरोबर की चूक, असा टॉपिक आहे. आम्ही कुजी काढली, म्हणजे ते... चिठ्ठी. मला ‘बरोबर’ आलंय."

स्वयंपाकघरात नळ बंद झाल्याचा आवाज आला. वृंदा, माझी बायको, हात पुसत दारात येऊन उभी राहिली. ती ईराकडे नाही, माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "बघतो," आणि तो शब्द तोंडातून बाहेर पडताच जीभ चावली.

मलाही चिठ्ठीच आली होती. २००३ सालची सुरुवात. इराकवर हल्ला होणार की नाही यावर जग बोलत होतं, आणि पुण्यात वादविवाद स्पर्धांचे दिवस होते. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या होत्या. माझ्या चिठ्ठीवर लिहिलेलं होतं, ‘अनुकूल’. म्हणजे इराकवरची लष्करी कारवाई समर्थनीय आहे हे मला सिद्ध करायचं होतं. मी एम.एस्सी.चा विद्यार्थी, मातीचा अभ्यास करणारा. परराष्ट्र धोरणाशी माझा संबंध काय? पण दोन आठवडे वाचनालयात बसून मी अमेरिकन मासिकं पालथी घातली, आणि तिथे मला ती माणसं भेटली, ज्यांना आपली वर्तमानपत्रं नवपरंपरावादी म्हणत. ते सैनिक नव्हते. प्राध्यापक, संपादक, सल्लागार, खूप वाचलेली माणसं होती. त्यांचं म्हणणं ऐकायला सरळ होतं. दहशतवाद हुकूमशाहीच्या मातीत उगवतो. शत्रू वार करेल याची वाट बघू नये, आधीच करावा. हुकूमशहा उपटावा, त्या जागी लोकशाही लावावी; एका देशात ती रुजली की शेजारी आपोआप पसरेल. ज्याच्या हातात ताकद आहे त्याने ती चांगल्यासाठी वापरली नाही, तर ते पाप.

बावीस वर्षांच्या पोराला याहून जास्त काय हवं असतं? जगाचं दुखणं एका वाक्यात आणि औषध दुसऱ्या वाक्यात. दहशतवादाचा राग तर आम्हा सगळ्यांच्याच मनात होता आणि तो खोटा नव्हता; बॉम्बस्फोटांच्या बातम्या ऐकतच आमची पिढी मोठी झाली. मी घरच्या आरशासमोर उभा राहून भाषण पाठ केलं. त्यातलं एक वाक्य माझं स्वतःचं होतं, आणि त्याचा मला फार अभिमान होता: "तण उपटायचं तर मुळासकट उपटावं लागतं, आणि मुळासकट उपटताना थोडी माती सांडतेच!" या वाक्यावर टाळ्यांनी सभागृह दणाणलं.

परीक्षकांत एक वयस्कर प्राध्यापक होते. बक्षीस देताना माझा हात हातात धरून म्हणाले, "बोललास छान. पण तिथे माणसं राहतात हे तुझ्या भाषणात एकदाही आलं नाही." असं म्हणून त्यांनी पहिलं बक्षीस मात्र मलाच दिलं. मी ते वाक्य घरी येईपर्यंत विसरलो. चिठ्ठीत निघालेली बाजू मात्र विसरलो नाही. पाठ केलेलं हळूहळू माझं मत झालं, आणि पुढे कितीतरी वर्षं मी ते चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, विमानात शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालासुद्धा ऐकवत राहिलो. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

पुढच्याच वर्षी मी इथे शिकायला आलो, मग नोकरीला लागलो, आणि २०११ च्या भूकंपानंतर आमच्या सगळ्या प्रयोगशाळेचं काम एका दिवसात बदललं. अणुभट्टी फुटून फुकुशिमाच्या शेतांवर किरणोत्सर्गी सीझियम पडलं होतं आणि ते मातीच्या वरच्या थरात चिकटून बसलं होतं. ते कसं धरून बसतं, कसं सुटेल, हे बघणं आमचं काम. त्याच कामासाठी शिष्यवृत्तीवर एक विद्यार्थी आला, ताहिर. उंच, किंचित पोक काढून चालणारा, डॉक्टरेट करायला आलेला, माझ्याहून दोनेक वर्षांनी लहान. इराकमधल्या मोसुल शहराचा.

पहिल्याच दिवशी मी त्याच्यावर ज्ञान पाजळलं. मोसुल का, तैग्रिसच्या काठावर, वर धरण आहे, पूर्वेला कुर्दांचं अर्बिल. तो चकित झाला. "सहास-सान, तुम्हाला एवढं कसं माहीत?" माझं आडनाव सहस्रबुद्धे, ते जपानी तोंडात मावत नाही म्हणून सगळे मला सहास-सान म्हणतात; सान म्हणजे आपलं राव. मी हसत हसत त्याला स्पर्धेची गोष्ट सांगितली. विषय सांगितला, बाजूही सांगितली. त्याने विचारलं, "जिंकलात?"

"हो, पहिला आलो."

"अभिनंदन," तो जपानीत म्हणाला आणि मान लववली. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला आज थोडं बरं वाटलं असतं.

फुकुशिमातलं एक गाव आठवतं. डोंगरांच्या मधोमध भातशेती, आणि शेतात भात नाही, पिवळी यंत्रं. ती मातीचा वरचा पाच सेंटिमीटरचा थर खरवडून काढत आणि काळ्या मोठ्या पिशव्यांत भरत. बांधावर काळ्या पिशव्यांच्या रांगाच्या रांगा. शेताची मालकीण, सत्तरीची बाई, डोक्याला टॉवेल बांधून बघत उभी होती. ती म्हणाली, सासऱ्यांनी आणि त्यांच्या वडिलांनी ही माती केली. दर वर्षी पाचोळा, शेण, राख. आता हे लोक नेतात आणि बदल्यात डोंगरातली वाळू आणून टाकतात. यात काय उगवणार?

परतीच्या वाटेवर गाडीत ताहिर बराच वेळ बाहेर बघत होता. मग म्हणाला, "हे काम मी आधी बघितलंय."

त्याचे वडील मोसुलमध्ये शाळेचे मुख्याध्यापक होते. मुख्याध्यापक व्हायचं तर सत्ताधारी पक्षाच्या कागदावर सही करावी लागे, तशी त्यांनी केली होती. हल्ल्यानंतर नव्या राज्यकर्त्यांनी हुकूम काढला: पक्षाच्या वरच्या पायरीवरचे सगळे कामावरून दूर. मुख्याध्यापक गेले, इंजिनियर गेले, इस्पितळांचे प्रमुख गेले. सैन्य तर अख्खं घरी पाठवलं. "वरचा थर विषारी आहे, काढून टाका," ताहिर म्हणाला. "खरंच होता थोडा विषारी. पण सहास-सान, मातीचा कसही त्याच थरात असतो ना? बाबा घरी बसले. शाळेत मग कुणीही येऊन शिकवायला लागलं. बाबांचे किती विद्यार्थी काळे झेंडे घेतलेल्या दहशतवाद्यांमागे गेले, ते बाबा बोटांवर मोजायचे. हा माझ्या तिसऱ्या बाकावरचा, हा खिडकीजवळचा."

मी गाडी चालवत होतो. थोडी माती सांडतेच, हे माझं वाक्य तेव्हा मला अकरा वर्षांनी पहिल्यांदा ऐकू आलं, आणि मी रेडिओ लावला.

२०१४ च्या जूनमध्ये मोसुल पडलं. काळे झेंडेवाले आले आणि त्यांच्यासमोरून सरकारी फौज गणवेश टाकून पळाली. त्सुयू चालू होता. प्रयोगशाळेच्या खिडकीवर पाण्याचे ओघळ, आत मातीचे नमुने वाळवायच्या भट्टीचा कोमट वास, आणि ताहिर मोबाइल टेबलावर पालथा ठेवून काम करायचा. पालथा, कारण सुलटा ठेवला की बघावासा वाटतो. आईवडील आधीच वारले होते. पण बहीण सल्मा तिथे होती आणि तिची सहा वर्षांची मुलगी रीम. सल्माचा नवरा, रीम पोटात असतानाच, बाजारातल्या स्फोटात गेला होता.

ईराही तेव्हा सहाच वर्षांची. तिला उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेचा प्रकल्प होता आणि तिने ठरवलं होतं, सेमीची टरफलं गोळा करायची. सेमी जमिनीतून वर येतो, झाडावर चढतो, पाठ उकलून बाहेर पडतो आणि बदामी रंगाचं रिकामं अंग खोडाला चिकटलेलं राहतं. ताहिर शनिवारी यायचा आणि दोघं उद्यानात कुठल्या झाडावर किती टरफलं ते मोजत फिरायची. त्याने फोटो पाठवले तर तिकडून रीमचा निरोप आला, मला पण पाहिजेत. ईराने सगळ्यात मोठी बारा निवडली आणि अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात एकेका खळग्यात एकेक ठेवली. खोक्यावर तिच्या वाकड्या अक्षरांत नाव लिहिलं, ‘रीम-चान’; लहान मुलींच्या नावापुढे इथे लाडाने चान लावतात.

जुलैच्या मध्यावर, पहिले सेमी ओरडू लागले तेव्हा, ताहिर माझ्या टेबलाशी आला. हातात पारदर्शक फाइल, दोन्ही हातांनी पुढे केलेली.

"सहास-सान, एक विनंती आहे. नाही म्हणालात तरी चालेल."

त्याने बहीण आणि भाचीसाठी व्हिसाचे कागद तयार केले होते. आमंत्रणाचं पत्र त्याचं स्वतःचं. पण हमीपत्र त्याचं चालत नव्हतं, तो शिष्यवृत्तीवरचा विद्यार्थी. इथे नोकरी असलेला, कर भरणारा माणूस जामीन हवा होता. आमचे प्रोफेसर त्या वर्षी युरोपात. "माझ्या ओळखीचा असा माणूस एकच," तो म्हणाला. "मोसुलहून अर्बिलचा रस्ता अजून उघडा आहे. पण नाक्यावर कुर्द शिपाई अरबांना आत घेत नाहीत. तिथे ओळखीचा जामीन दाखवावा लागतो, नाहीतर पुढे परदेशी जाणार असल्याचे कागद. या कागदाची नुसती प्रत हातात असली तरी सल्मा निघेल. त्याशिवाय मुलीला घेऊन त्या नाक्यावर उन्हात उभं राहायची तिची हिंमत नाही."

फाइलमध्ये त्याच्या आमंत्रणपत्राखाली हमीपत्र होतं. एक पान. माझं नाव, पत्ता, हुद्दा त्याने सुवाच्य अक्षरात आधीच भरून ठेवलेलं, मला त्रास नको म्हणून. खाली एक छोटासा गोल, त्यात हांको म्हणजे नावाचा शिक्का उमटवायचा. बस. सोबत नोकरीचा आणि कराचा असे दोन दाखले.

मी म्हणालो, "बघतो."

आपल्याकडचा हा शब्द मी इथे येताना पोह्यांच्या पुड्यांबरोबर घेऊन आलो. त्यात होकार नाही, नकार नाही, समोरचा माणूस दुखावत नाही आणि आपण अडकत नाही. घोंगडं भिजत ठेवायची ही आमची जुनी, सुसंस्कृत पद्धत.

खरं कारण साधं होतं. त्या वसंतात मी इथल्या कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज केला होता. दहा वर्षांची तपश्चर्या, फाइल सरकारदरबारी आत गेलेली. आणि मोसुलमधल्या दोन माणसांची हमी? उद्या कुणी विचारलं, तुमचा यांच्याशी संबंध काय? मी सल्माला भेटलो नव्हतो. तिचे दीर, चुलते कोण, कुणाला माहीत? त्या दिवसांत बातम्यांत रोज तेच शहर, तेच झेंडे. मला भीती वाटली. एका देशात लाखभर सैन्य घुसवावं असं टाळ्या घेऊन सांगणाऱ्या माणसाला त्या देशातल्या एका विधवेची आणि एका सहा वर्षांच्या पोरीची भीती वाटली. आज हे लिहिताना मला माझीच किळस येते, पण तेव्हा ती भीती मला शहाणपणा वाटत होती.

घरी मी फाइल कपाटाच्या खणात ठेवली, शिक्क्याच्या डबीखाली. वृंदाने विचारलं, मी सांगितलं. ती जरा वेळ डाळ निवडत बसली आणि म्हणाली, "अरे, मलाही भीती वाटते. पण एक कर. द्यायचा असेल तर आजच दे. नसेल द्यायचा तर उद्या सकाळी त्याला तोंडावर सांग, म्हणजे तो दुसरा कुणी तरी शोधेल. त्याला लटकवत ठेवू नकोस."

"दाखले मिळायला वेळ लागतो गं."

"वॉर्ड ऑफिसात दहा मिनिटांत मिळतो कराचा दाखला. मला शिकवतोस?"

मी चिडलो. खरं बोलणाऱ्यावर चिडतात तसा चिडलो. मग नोकरीचा दाखला मागितला, तो दोन दिवसांत आला. कराचा दाखला आणला. तरी शिक्का मारला नाही. कधी मनात यायचं, एखाद्या वकिलाला विचारू. कधी यायचं, प्रोफेसरांची ईमेल येऊ दे. मग ठरवलं, ओबोननंतर मारू. ओबोन म्हणजे ऑगस्टच्या मध्यावरचा पितरांचा सण. कचेऱ्या ओस, दूतावास सुस्त, आत्ता देऊन काय उपयोग? हे मी स्वतःला इतक्या मुद्देसूदपणे पटवलं की मला आणखी एक शील्ड द्यायला हवं होतं. नावात हजार बुद्ध्या आणि त्यातली प्रत्येक मला न करण्याचं कारण पुरवत होती.

त्याच जुलैत इथल्या सरकारने आपल्या शांततावादी घटनेचा नवा अर्थ लावला: मित्रदेशावर हल्ला झाला तर आपली सेनाही लढू शकेल. स्टेशनबाहेर म्हातारी माणसं उन्हात फलक धरून उभी असायची. प्रयोगशाळेत जेवताना यावर चर्चा झाली आणि मी पुन्हा बोललो, ठणकावून. ताकद असूनही हात बांधून बसणं हीसुद्धा जबाबदारी टाळणंच आहे, असं काहीतरी. ताहिर आपल्या डब्यातली काकडी खात ऐकत होता. माझ्या खणातल्या कागदाबद्दल त्याने अवाक्षर काढलं नाही.

ओबोनच्या आधीच्या रविवारी जवळच्या उद्यानात उन्हाळी जत्रा होती. कागदी कंदील, मधोमध मचाण, त्यावर ढोल आणि भोवती गोल नाच. ईराने युकाता, म्हणजे उन्हाळी सुती किमोनो, नेसला होता आणि पायात गेता, लाकडी चपला. तिने ताहिरला बोलावलं होतं, तो आला. संध्याकाळचं पिवळं ऊन होतं, भाजलेल्या मक्याला सोया सॉस लावल्याचा वास सगळीकडे. नाचताना ईराच्या गेताचा पट्टा तुटला आणि ती भोकाड पसरून बसली. ताहिर तिच्यासमोर गुडघ्यावर बसला, रुमालाची पट्टी फाडून त्याने पट्टा बांधायला घेतला. तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. त्याने खिशातून काढला, वाचलं, जरा वेळ तसाच हातात धरून राहिला. मग तो खिशात ठेवला आणि गाठ पूर्ण केली. दोनदा ओढून बघितली. "जा, नाच आता," तो ईराला म्हणाला.

मी विचारलं, "सगळं ठीक?"

"हो," तो म्हणाला. "तिकडे खूप गरम आहे."

ओबोन संपल्यावरच्या सोमवारी मी शिक्का मारला. लाल शाई, खाली रबराची गादी, दाबून, जपून, एकही कडा फिकी न पडता. फाइल दोन्ही हातांनी ताहिरला दिली. त्यानेही दोन्ही हातांनी घेतली, कमरेत वाकला, "फार त्रास दिला तुम्हाला," म्हणाला. मला खरंच वाटलं की मी काहीतरी केलं. त्या संध्याकाळी घरी जाताना मी आइस्क्रीमसुद्धा नेलं.

महिन्याभराने मी विचारलं, व्हिसाचं काय झालं? तेव्हा त्याने सांगितलं. जत्रेच्या त्या रविवारी लढाई अर्बिलच्या रस्त्यावर आली होती आणि रस्ता बंद झाला होता. सल्माचा तोच निरोप आला होता, आता निघता येणार नाही. मी म्हणालो, "मग तू मला शिक्का का मारू दिलास?"

"तुम्ही इतक्या मनापासून दिलात," तो म्हणाला.

बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिली होती, पाच गुणांसाठी.

पुढे मोसुलचे फोन बंद झाले. ताहिर काम करत राहिला. चिकणमातीच्या थरांमध्ये सीझियम एकदा शिरलं की बाहेर येत नाही, त्यावर त्याने उत्तम प्रबंध लिहिला. माझा वास्तव्याचा अर्ज मंजूर झाला. कुणी मला काहीच विचारलं नाही, कुणाला माझ्यात तेवढा रसच नव्हता. वृंदा म्हणाली, पेढे करू या का? आणि मग आपणच स्वयंपाकघरात निघून गेली.

२०१६ मध्ये ताहिर मायदेशी परतला, मोसुल अजून झेंडेवाल्यांकडे म्हणून अर्बिलला. जायच्या आदल्या दिवशी माझ्या टेबलाशी आला, तीच पारदर्शक फाइल दोन्ही हातांत.

"यात तुमचा पत्ता आहे, नोकरीचे, कराचे कागद आहेत. अशा गोष्टी दुसऱ्याकडे राहू नयेत. तुम्ही स्वतःच श्रेडरमध्ये घाला."

इथे राहून तो इतका जपानी झाला होता. मी त्याला सांगायला हवं होतं की मी घाबरलो होतो. सांगायला हवं होतं की मला माफ कर. मी म्हणालो, "पोचलास की कळव." खाली सायकलींच्या रांगेपर्यंत त्याला सोडायला गेलो आणि तो वळणावरून दिसेनासा होईपर्यंत वाकत राहिलो.

२०१७ च्या उन्हाळ्यात बातम्यांत मोसुल मुक्त झालं. जगाने दहशतवादावर विजय मिळवला. इथे सेमी ओरडत होते. ताहिरचा निरोप तीन आठवड्यांनी आला, जपानीत, आणि अगदी नेमका. जुन्या शहरात सल्माच्या घराच्या गच्चीवर बंदूकवाले चढले होते, म्हणून वरून बॉम्ब टाकला गेला. तळघरात शेजारची मिळून बरीच माणसं लपली होती. ‘मी स्वतः खणलं. रीमला मी तिच्या केसांच्या पिनेवरून ओळखलं. तुमच्या घरच्यांना उन्हाळा सुखाचा जावो.’ शेवटचं वाक्य इथल्या पत्रांत घालायची पद्धत असते, म्हणून त्याने घातलं असावं.

मी त्याला उत्तर लिहिलं नाही. कितीदा लिहायला बसलो. दर जुलैत ठरवतो, दर ऑगस्टमध्ये राहून जातं. टरफलांचं खोकं आम्ही घर बदललं तेव्हा सापडलं. टरफलांचा भुगा झाला होता. ईराने विचारलं होतं, हे कुठल्या कचऱ्यात, जळणाऱ्या की न जळणाऱ्या? जळणाऱ्या, मी म्हणालो, आणि मंगळवारी सकाळी मीच ते ठेवून आलो.

कधीकधी त्या मासिकांतल्या माणसांचा विचार करतो. त्यातले काही पुढे म्हणाले, कल्पना बरोबर होती, अंमलबजावणी चुकली. काहींनी पुस्तकं लिहिली. मला त्यांच्यावर रागावता येत नाही. रागावायला जरा उंचीवर उभं राहावं लागतं. त्यांनी न बघितलेल्या माणसांवर सैन्य पाठवलं. मी ज्याला रोज बघत होतो त्याच्यासाठी एक बोट वेळेत शाईपर्यंत नेलं नाही. दूरच्या देशाचं भलं करायला मी सदैव तयार होतो. त्या देशातली एक बाई मुलीचा हात धरून माझ्या दाराशी येऊ बघत होती, तेव्हा मला कागद नीट वाचायचे होते.

"बाबा, तू नुसता उभा का आहेस?" ईराने विचारलं. "एक स्ट्राँग एक्झाम्पल सांग ना. आमच्या क्लासचे सेन्सेई म्हणतात, एक्झाम्पलमध्ये खरी माणसं पाहिजेत."

वृंदा दारातून म्हणाली, "दाखव तिला. नाहीतर मी दाखवते."

मी आत गेलो. श्रेडर माझ्या कचेरीत आहे, घराजवळच्या दुकानातही आहे. इतक्या वर्षांत तिथपर्यंत पोचलो नाही. खण उघडला, शिक्क्याची डबी उचलली आणि खालची फाइल आणून ईरासमोर ठेवली.

ती जपानी माझ्याहून भरभर वाचते. वाचता वाचता तिचं बोट एका ओळीवर थांबलं. "रीम... हिचा बर्थडे माझ्याच महिन्यात आहे. ही ताहिर-सानची ती रीम-चान? टरफलंवाली? ती आली का नाही मग?"

मी सांगितलं. पहिल्यांदाच, सगळं, कुठेही मुद्दे न करता. चिठ्ठी, शील्ड, गाडीतला रेडिओ, खण. बाहेर सेमी एकटाच ओरडत होता, मध्येच थांबत होता. ईरा रडेल असं मला वाटलं, मी त्याची वाटच बघत होतो. ती रडली असती तर मी तिला जवळ घेतलं असतं आणि दोघांचं भागलं असतं. ती रडली नाही. तिने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. ताहिरच्या आमंत्रणपत्राच्या डोक्यावर त्याच्या अक्षरात जुलैमधली तारीख होती. माझ्या शिक्क्याशेजारी माझ्या अक्षरात ऑगस्टमधली.

"आणि रस्ता कधी बंद झाला?"

"ओबोनच्या आधीच्या रविवारी, जत्रेच्या दिवशी. तुझ्या गेताचा पट्टा तुटला होता तेव्हा."

"तो मला आठवतो," ती म्हणाली. "त्याने रुमाल फाडला होता."

मग तिने ताहिरच्या तारखेवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताची बोटं एकेक मिटत, जपानीत पुटपुटत, त्या रविवारपर्यंतचे दिवस मोजायला सुरुवात केली. आकडा मला पाठ आहे. मी सांगितला नाही. तिला मोजू दिलं.